शनिवारी न घेतलेले पिस्टन

लालमहंमद मिस्त्रींची नक्कल करायची तर आधी डावा डोळा मिटायचा, मान वाकडी करून कान इंजिनाला लावायचा आणि म्हणायचं, "गप! बोलू द्या त्याला." त्याला म्हणजे इंजिनाला. माळीवाडा वेशीबाहेरच्या त्यांच्या गॅरेजात गिऱ्हाइकाची बोलायची पाळी नंतर. ही नक्कल मी गल्लीत इतक्यांदा केलीय, की लालचाचा स्वतःच म्हणतात, "माझ्यापरास तूच जास्ती मिस्त्री दिसतूस."

घोडेगावचा मच्छिंद्र त्यांचा जिवलग. त्याच्याकडे लढाईच्या काळातली पेट्रोलची लॉरी होती. करंजीच्या घाटात भरली लॉरी म्हाताऱ्यासारखी खोकायची, "हुंऽऽ... खक्... हुंऽऽ", आणि माणसांना उतरून चालावं लागायचं. बायका ऐकवायच्या, "मच्छिंदरभाऊ, पुढच्या खेपेला आमीच वडतो, तुमी आत बसा!" मच्छिंद्र हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

बहात्तरच्या फाल्गुनात लालचाचांना लष्करी भंगारात ब्लोअर सापडला. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. "हिच्या छातीत दम न्हाई. आपुन भायेरनं भरू," ते मच्छिंद्राला म्हणाले.

चाचांचे वडील पिंजारी, त्यामुळे चाचांचं सगळं शास्त्र गादीवरून चालतं. "कापूस जास्ती कोंबायचा तर खोळ मोठी पायजे, न्हाईतर टाके उसवत्यात. हवा आदीच दाबून आत येनार. वरनं पिस्टननं पयल्याइतकीच दाबली तर पेट्रोल अवेळी भडकंल. खोलगट डोक्याचे पिस्टन घालू. वर जागा ऱ्हाती, दाब कमी हुतो."

आबासाहेबांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात तसे सहा पिस्टन निघाले. ह्याच मापाचे, रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले. चाचांनी एकेकाच्या डोक्यावर नखाने टिचकी मारली. ठक्. ठक्. ठक्.

"जाड हायेत. बांधा."

"आज शनवार हाय," मच्छिंद्र म्हणाला. दर शनिवारी शिंगणापूरला तेल घालणारा माणूस. त्या दिवशी लोखंड घेणं त्याला चालत नसे.

"आरं, आलमिनियम हाय ह्ये!"

"आन त्येच्यावरच्या रिंगा?"

आबासाहेब खोटं बोलणारे नव्हते. "रिंगा बिडाच्या, म्हंजी लोखंडच," म्हणाले. मग चाचांना बाजूला घेऊन हळूच, "लालभाई, तुमी न्या की तुमच्या नावानं. तुमाला कुठला शनवार?"

चाचांनी एकदा पिस्टनांकडे पाहिलं, एकदा मच्छिंद्राच्या पाठीकडे. "जायचे त्याच्याच गाडीत ना? दोस्ताचा नेम मागल्या दारानं मोडू व्हय? सोमवारी येतो."

सोमवारी दुकानात रिकामी खोकी होती. पिस्टन कोपरगावच्या गिऱ्हाइकाने नेले. नवा माल महिन्याने येणार आणि मढीची यात्रा आठवड्यावर. मच्छिंद्राने यात्रेच्या माणसांना शब्द दिलेला. "लेथ हाय की माझ्याकडं," चाचा म्हणाले आणि लॉरीच्या जुन्याच पिस्टनांची डोकी त्यांनी कातून खोल केली. मग टिचकी मारली. टिंग. पुन्हा मारली. टिंग. साऱ्या जगाला गप करून इंजिन बोलतं ते ऐकणारा माणूस, त्याने हे ऐकलं आणि पिस्टन बसवले.

पहिल्या खेपेला लॉरी घाट अशी चढली! "ऊंऽऽईऽऽ" करत, वाटेतल्या एसटीला मागे टाकून. उतरायच्या तयारीने पदर खोचून बसलेल्या बायका बसूनच राहिल्या. एक म्हणाली, "आगं बया, हिला खुराक काय घातलाय?" मच्छिंद्राने भोंगा इतका वाजवला की बैलगाड्या रस्ता सोडून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या खेपेला, ऐन वळणावर, पत्र्यावर फुटाणे ओतावेत तसा आवाज सुरू झाला. मग धाडकन एकच. निळा धूर. माणसं सुखरूप उतरली. इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनला बोट जाईल एवढं भोक, शेजारच्याचे तुकडे आणि इंजिनाचा ब्लॉकच फुटलेला. तसला ब्लॉक कुठे मिळाला नाही. लॉरी भंगारात गेली.

चाचांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच मच्छिंद्र म्हणाला, "लाल, तू नगं वाईट वाटून घिऊ. यात्रेच्या गडबडीत मागल्या शनवारी माजं तेल ऱ्हायलं. त्येच भोवलं." चाचांनी उघडलेलं तोंड मिटलं.

मच्छिंद्र दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. दर शनिवारी घोडेगावाहून शिंगणापूरला अनवाणी जाऊ लागला, चाचांच्या चुकीसाठी. चाचा हे वर्षभर ऐकत राहिले. ते अजून इंजिनाला कान लावत, पण "गप" म्हणणं सुटलं होतं.

यंदा चैत्रातल्या एका शनिवारी चाचांनी भोक पडलेला पिस्टन पिशवीत घातला आणि घोडेगावची एसटी धरली. मच्छिंद्र तेलाची बरणी घेऊन निघालाच होता. पुढचं चाचांनी मला दोघांचे आवाज काढून सांगितलं.

"मच्छिंद्रा, तेल ऱ्हायलं म्हनून न्हाई झालं त्ये. मी डोकं पातळ कातलं हुतं. कळत हुतं मला. ऐक." टिंग.

मच्छिंद्राने पिस्टन हातात घेतला. भोकात बोट घातलं, काढलं.

"त्या शनवारी तुज्या नावानं न्यायचे हुतेस, लाल. मी काय नगं म्हनलो असतो व्हय?"

चाचांनी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता तरी चपला घाल."

"बोललोय म्या देवाला." मच्छिंद्राने पिस्टन पुढे केला. बिडाच्या रिंगा अजून पिस्टनच्या अंगावर होत्या. "ह्ये तूच ठेव. आज शनवार हाय."

आणि तो शिंगणापूरच्या रस्त्याला लागला.