आधी पाणी म्हण

‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याची माझी एकदा गाठ पडायला हवी. आठ दिवसांत मला ते चार वेळा आलं. मी जीव तोडून कळवत होते की तुमच्या यंत्रणेने एका सत्तरीच्या बाईंच्या कामाची वाट लावली आहे, आणि उत्तरात मला आभार मिळत होते.

बाई म्हणजे माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडिलांच्या नोकरीमुळे विरार पूर्वेला फुलपाड्यात आलो तेव्हा मी तिसरीत होते. बाई चांदीपच्या, रोज गावाहून शाळेत यायच्या. वर्गात निम्मी मुलं आमच्यासारखी बिल्डिंगमधली आणि निम्मी आसपासच्या गावांतली, भातशेती करणाऱ्या घरांतली. त्यांच्या बोलण्यात ‘ण’ नसायचाच. पानी, लोनी, कनीस. माझ्या बाकावर बसणारी मुलगी एकदा उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, पानी प्यायला जाऊ?”

बाई म्हणाल्या, “आधी पाणी म्हण, मग जा.”

तिने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पानीच आलं. वर्ग हसला, मीही हसले. ती खाली बसली आणि मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसून राहिली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाई शुद्ध बोलायला शिकवतात, एवढंच वाटलं होतं.

त्या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर मला विरारच्या भाजीबाजारात भेटल्या. मी ओळख दिली, पाया पडले. “तू कम्प्युटरचं काहीतरी करतेस ना गं?” त्यांनी विचारलं. मी वेबसाइट बनवते म्हटल्यावर त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या पिशवीतून एक जाडजूड वही काढली. त्या ती वही सगळीकडे बरोबर घेऊन हिंडत असाव्यात.

वहीत दोन रकाने होते. डावीकडे गावचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. खाली तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, जसंच्या तसं. ‘आंगनात पानी शिंप.’ ‘कोन आलाय बघ.’ भाताच्या लावणीला, म्हणजे पुस्तकातल्या आवणीला, गावात आवनी म्हणतात. त्या दिवसांत बाई बांधावर छत्री घेऊन बसायच्या आणि शेतात वाकलेल्या बायकांची बोलणी टिपून घ्यायच्या. काही शब्दांपुढचा उजवा रकाना रिकामा होता, कारण पुस्तकात त्यांना जोडीदारच नव्हता. त्या रिकाम्या रकान्यांचा बाईंना फार अभिमान होता.

“आयुष्यभर मी हे शब्द पोरांच्या वह्यांतून लाल शाईने खोडले,” बाई म्हणाल्या. “माझ्या आईचे शब्द होते ते. घरी पानी म्हणायचे आणि शाळेत येऊन पानी खोडायचे. आता खोडलेलं परत लिहून काढतेय. जाण्याआधी पुरं व्हायला हवं.”

मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

माझ्या धंद्यात ओपन सोर्स नावाची एक मोठी चांगली गोष्ट आहे. आपण लिहिलेला कोड उघड्यावर ठेवायचा, कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. मी आजवर ज्या ज्या वेबसाइट केल्या त्या सगळ्या अशा अनोळखी लोकांनी देऊन ठेवलेल्या कोडवर उभ्या आहेत. मी मात्र कधी कोणाला काही दिलं नव्हतं. बाईंच्या शब्दांसाठी मी एक छोटा शोधक लिहिला. पाणी टाका की पानी, दोन्ही एकाच जागी सापडतील. तो मी बाईंच्या शब्दयादीसकट उघडा करून टाकला. परवाना निवडला सगळ्यांत सैल, कोणी काहीही करावं असा. वाचायला छोटा होता आणि सगळे तोच निवडतात म्हणून. त्या दिवशी मी स्वतःवर एवढी खूश होते की दोन वेळा चहा केला.

बाईंचं पान मी एका क्लाउड कंपनीच्या जागेवर ठेवलं. म्हणजे आपला कम्प्युटर लागत नाही, त्यांच्या कुठल्यातरी दूरच्या कम्प्युटरवर आपलं पान चालतं, आणि तयार फॉर्मही मिळतो. बाई फोनवरून त्या फॉर्ममध्ये नवे शब्द भरायच्या. डाव्या चौकटीत गावचा, उजव्या चौकटीत पुस्तकातला. दोन पावसाळे हे झकास चाललं.

मग एका दुपारी बाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“अगं, माझं काही खरं नाही. मी आवनी लिहिते आणि आवणी होतं. दोन्हीकडे आवणीच दिसतंय. पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. आठवडा झाला.”

“बाई, फोनमध्ये काही बिघडलं असेल.”

“फोनने कशाला होईल? माझाच हात आहे तो. तीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते? मी आईचा शब्द लिहायला बसते आणि हात मास्तरीणबाईंचाच चालतो.”

मी पान उघडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या आठवड्यातले सगळे शब्द दोन्ही रकान्यांत सारखे होते. पाणी, पाणी. लोणी, लोणी. खालची वाक्यंही सुधारून ठेवलेली. ‘अंगणात पाणी शिंप.’ हे वाक्य चांदीपच्या कुठल्या बाईने कधी उच्चारलं होतं? आणि ज्यांना पुस्तकात जोडीदार नव्हता त्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ होती. लाल!

शोधल्यावर उलगडा झाला. कंपनीने सगळ्या फॉर्मना आपणहून ‘भाषा-साहाय्य’ जोडून टाकलं होतं. तुम्ही मराठी लिहा, ते परस्पर शुद्ध करणार. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. बाईंना एक लांबलचक इंग्रजी मेल आली होती म्हणे, आणि तिच्या तळाशी बंद करायचं बटण कुठे आहे ते लिहिलं होतं. ज्या बाईला आपला हातच दगा देतोय असं वाटून रडू येतंय, तिने ती मेल वाचायची होती.

मी ते बटण बंद केलं आणि बाईंना फोन करून सांगितलं, तुमचा हात ठणठणीत आहे. पण राग काही उतरेना, कारण हे साहाय्य फक्त आमच्या पानापुरतं नव्हतं. ज्याला हवं त्या वेब डेव्हलपरला ते कंपनीच्या क्लाउडवरून मिळत होतं. वाक्य पाठवा, सुधारून परत घ्या. शाळांच्या वेबसाइटींनी ते जोडलं होतं, बातम्यांच्या पानांनी जोडलं होतं. बाईंनी एका वर्गात केलं ते आता सगळीकडे एकदम होत होतं, तेही समोरच्याचा चेहरा न बघता. बाईंना निदान ती मुलगी खाली बसताना दिसली तरी होती.

खरा धक्का पुढे होता. या साहाय्याच्या माहितीत सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत, कोणाकोणाचा कोड वापरला त्यांची यादी होती. त्या यादीत माझं नाव होतं. म्हणजे आमचीच शब्दयादी! बाईंनी बांधावर बसून जमवलेला एकेक शब्द यांनी उचलला आणि तो खोडण्यासाठी वापरला. जिने शब्द वाचवले तिच्याच वहीवरून यांनी खोडरबर बनवलं होतं. आणि वर आभार.

मी लिहीत सुटले. मेलवर मेल. आमच्या बिल्डिंगला टँकर उशिरा आला की मी सेक्रेटरींशी भांडते, सोसायटीच्या नोटिशीत ‘पाणी’ शुद्ध असतं आणि नळाला मात्र नसतं म्हणून टोमणे मारते, पण ते भांडण माणसाशी असतं. इथे भांडायलाही कोणी समोर येत नव्हतं. शेवटी मी डेव्हलपर मंडळी जमतात त्या ठिकाणी जाहीर लिहिलं, बऱ्यापैकी जळजळीत. मग मात्र दोन दिवसांत कंपनीतल्या एका माणसाने व्हिडिओ कॉलची वेळ दिली.

मी भांडायच्या तयारीने बसले. मुद्दे कागदावर काढले होते. समोर आला तो पुण्याकडचा, मराठी बोलणारा, चांगला अदबशीर माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मी चोरी म्हणाले, मग्रुरी म्हणाले, लाज वाटते का म्हणाले.

“मॅडम,” तो शेवटी म्हणाला, “न विचारता फॉर्मला जोडलं ते चुकलंच आमचं. ते मी वर कळवतो. पण शब्दांचं म्हणाल, तर आम्ही त्यात काहीच बदललेलं नाही. तुमची फाइल जशी होती तशी घेतली.”

“जशी होती तशी कशी? आमची यादी शब्द जपायला होती. तुम्ही तिची शुद्ध-अशुद्ध करून टाकलीत.”

“दाखवू का तुम्हाला?”

त्याने स्क्रीनवर फाइल उघडली. माझीच फाइल. बाईंच्या पानावर वाचणाऱ्याला मथळे दिसायचे ‘गावचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’. पण ते वरचं रूप झालं. आत, कोडमध्ये, रकान्यांना काहीतरी नाव द्यावं लागतं, ते फक्त प्रोग्रामला कळण्यापुरतं, दुसरं कोणी बघत नाही. पहिल्याच दिवशी, काही विचार न करता, मी ती नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केली होती. डावीकडे ‘चूक’. उजवीकडे ‘बरोबर’.

पानी, चूक. पाणी, बरोबर. लोनी, चूक. खालपर्यंत सगळे.

“आम्हाला वाटलं, शुद्धलेखनासाठीच केलेली यादी आहे,” तो म्हणाला. “फार काळजीपूर्वक केलीय मॅडम. त्याबद्दल खरंच आभार.”

माझ्या कागदावरचे मुद्दे तसेच राहिले. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. थँक्यू म्हणाले असेन, आपण म्हणतोच. कॉल संपल्यावर मी ती दोन नावं बदलली. पण उघडा कोड एकदा लोकांनी उतरवून घेतला की परत मागता येत नाही, आणि जुनी आवृत्तीही पुसली जात नाही. कोणत्या दिवशी कोणी काय लिहिलं याची नोंद तिथे राहते. माझ्या नावाने ती आहे, कोणीही पाहावी.

मला संताप आवरेना, आणि आता तो कोणावर काढायचा तेही कळेना. कंपनीवर आहेच. माझ्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही, ते साहाय्य आजही लोकांचं पानी खोडतंय. पण कंपनीतल्या लोकांना निदान ते शब्द कोणाचे हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी बाईंच्या ओटीवर बसून ते ऐकले होते, त्यांच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली होती, आणि घरी येऊन त्या सगळ्यावर ‘चूक’ लिहिलं होतं.

बाईंना सांगणं भाग होतं. रिक्षा करून चांदीपला गेले. बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी लॅपटॉप उघडून जुनी फाइल त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं. कंपनीचं आधी, आणि मग माझं. म्हटलं, बाई, लाल शाई त्यांची नव्हती, माझी होती.

बाईंनी चष्मा लावला. अक्षरं इंग्रजी होती, त्यांनी एकेक जोडून ती मोठ्याने वाचली. चूक. बरोबर. मग बोटाने यादी खाली खाली नेली, पहिल्या शब्दापासून. मला वाटलं, आता मला ओटीवरून उठवतील.

“पहिलाच शब्द पानी घेतलास,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या वहीत तोच पहिला होता.”

“माझ्या फळ्यावरही तोच पहिला असायचा.” त्यांनी चष्मा काढला. “शुद्धलेखनाच्या तासाला मी मधोमध रेघ मारायचे. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. सगळ्यांनी उतरवून घ्या म्हणायचे. आठवतंय?”

मला आठवलं. खडूची रेघ आठवली, आखलेलं पान आठवलं, आणि शेजारी बसलेली ती मुलगीसुद्धा, आपलं बोलणं डावीकडच्या रकान्यात उतरवून घेताना.

“अक्षर सुंदर होतं तुझं,” बाई म्हणाल्या. “एकही शब्द गाळायची नाहीस.”

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. निवडता निवडता त्यांनी विचारलं, “उन्हातून आलीस. पानी देऊ?”

मी हो म्हणाले.