वाळेपर्यंत थांबणारा माणूस

सांडूभाऊ दगड दाखवायला आले की आधी पाणी मागत. प्यायला नव्हे, दगडासाठी. दगड तांब्यात बुडवायचा, ओट्यावर ठेवायचा आणि तो वाळेपर्यंत गप्प बसून राहायचं. ओला असताना कुठलाही दगड देखणाच दिसतो. वाळताना मात्र आत तडा असला तर तेवढी रेघ ओली राहते. तशी रेघ दिसली की ते दगड स्वतःच पिशवीत परत टाकत. "ह्यो नाय चालायचा, बाई. चाकावर दगा दील."

मी शहरातल्या छावणी भागातल्या शाळेत भूगोल शिकवायची. घराच्या मागच्या पडवीत दगड घासायचं चाक बसवून घेतलं होतं. शाळा सुटली की त्यावर दगडांना पैलू पाडत बसायचं, हे माझं वेड. घरचे म्हणत, बाईमाणसाला दुसरं काही सुचलं नाही का. नाही सुचलं. अडचण एकच, कच्चा दगड खात्रीचा मिळत नसे. परगावच्या एका व्यापाऱ्याकडून पार्सल मागवलं, तर दगड तेलात घोळलेले. तेल पुसलं आणि तडेच तडे. दुसऱ्या एकाने रंगीत काच माझ्या गळ्यात मारली. भूगोलाची बाई काचेला फसली, हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही.

सांडूभाऊ पिशोरचे, विहिरी खोदणारे. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या खडकाच्या पोकळीत कधी कधी जांभळे, हिरवे दगड निघतात. बाकीचे मजूर ते ढिगाऱ्यावर फेकत. हे धोतराच्या सोग्यात बांधून ठेवत आणि बाजाराच्या दिवशी एसटीने माझ्याकडे घेऊन येत. मी एकदा म्हटलं, "एवढा वेळ कशाला बसता? माझा विश्वास आहे ना तुमच्यावर."

"इश्वास हाय म्हणून तर बसतो," ते म्हणाले. "नसता तर कामून बसलो असतो?"

एकदा त्यांनी आवळ्याएवढा जांभळा दगड आणला. "असा उभ्या जन्मात एकच घावला, बाई." तो त्यांनी माझ्यासमोर दोनदा भिजवून दोनदा वाळवला. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिच्या गळ्यात तो घालायचं मी ठरवलं. लग्न चार दिवसांवर आलं तरी दगड अर्धाच झाला होता. सकाळी घाईघाईने चाकावर धरला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

नेमका त्या दिवशी बाजार. सांडूभाऊ दारात आले आणि माझी जीभ सुटली. "तुम्हीसुद्धा तेल लावायला शिकलात वाटतं."

त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. उलटेपालटे करून पाहिले. "दोन डाव वाळवला व्हता, बाई," एवढंच म्हणाले, तुकडे ओट्यावर ठेवले आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी चाक पुसताना माझ्या लक्षात आलं. चाकावर थेंब थेंब पाणी सोडणारा डबा भरलेलाच होता. त्याचं भोक गाळाने बुजलं होतं. मी दगड कोरडाच घासला होता. तो तापला आणि फुटला. चूक सगळी माझी.

पुढच्या बाजाराला येतील तेव्हा सांगू, असं म्हटलं. ते आले नाहीत. मग लग्न झालं, परीक्षा आल्या, पेपर तपासायचे होते. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. जन्मभर मुलांच्या चुका लाल शाईने काढल्या; स्वतःची कबूल करायला पाय उचलेना. दीड वर्ष असंच गेलं.

शेवटी पिशोरला गेले, तेव्हा सांडूभाऊंना जाऊन महिना झाला होता. खडकाची धूळ छातीत बसली होती. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं, समोर बसली.

"तुमच्याकून आल्यावर त्यांनी कुणालाच दगड दावला नाय," ती म्हणाली. "म्हनायचे, माझी नजर गेली. चांगला दगड घावला तरी हातात धरून बसायचे, अन् मग ढिगावर टाकून द्यायचे." मग तिने विचारलं, "बाई, खरंच तडा व्हता का वो त्याच्यात?"

"नव्हता," मी म्हटलं. "चूक माझी होती. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तिने पदर नीट केला. आवाज चढवला नाही.

"मग येवढंच सांगाया यायचं व्हतं, बाई."