अण्णांची सफारी

कला माणसाला माणसाकडे पाहायला शिकवते. आमच्या कला महाविद्यालयाच्या पोर्ट्रेट स्टुडिओत हे वाक्य भिंतीवर रंगवलेलं आहे, मोठ्या वळणदार अक्षरांत. त्या वाक्याच्या बरोबर खाली, लाकडी चौथऱ्यावर बसवून, माझ्या वडिलांना शर्ट काढायला सांगण्यात आलं.

त्यांनी काढला.

"बनियनसुद्धा," सर म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीजवळच्या ईझलमागं होते. वर्गात सगळी मुलंमुली होती. मी मान खाली घातली. ती वर केली तेव्हा बनियन त्यांच्या मांडीवर होतं, नीट घडी करून.

अण्णा मोंढ्यात, म्हणजे धान्य-मिरचीच्या घाऊक बाजारात, हमाल आहेत. आम्ही मुकुंदवाडीत राहतो. एवढं सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात आमच्या घराचं चित्र काढून मोकळा होतो. काढू द्या. आमच्या घरात सोफा आहे, त्यावर आईनं विणलेली कव्हरं आहेत, आणि पाहुणा आल्याशिवाय त्यावर कुणी बसत नाही. सरांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव. गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारलं नाही. त्यांना ते आडनावावरूनच पोचलं होतं.

झालं असं, की वर्गात नेहमी मॉडेल म्हणून बसणारे म्हातारे बाबा पैठणला लेकीकडे गेले होते. त्याच सुमारास अण्णा माझा विसरलेला डबा द्यायला कॉलेजात आले. थेट मोंढ्यातून. अंगावर मिरचीचा खकाणा, गालावर पांढरे खुंट, खांद्याला फडकं. सर फाटकातच थबकले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, की काय चेहरा आहे, अख्खा मराठवाडा आहे त्या चेहऱ्यात, त्यांना एक दिवस बसायला बोलाव. मला बरं वाटलं. अण्णांच्या चेहऱ्याचं कौतुक तोवर आमच्या घरातही कुणी केलं नव्हतं.

घरी सांगितलं तर अण्णा आधी हसले. "माझं चित्र? ते कामून?" मग एकदम गंभीर झाले. आमच्याकडे फोटो म्हटलं की माणूस तयार होतो. ओझं उचलताना, भांडी घासताना, उघड्या अंगानं कुणी फोटो काढू देत नाही. कुणी मोबाइल धरलाच तर शिव्या खातो. फोटो पुढं भिंतीवर राहतो, आपण नसलो तरी राहतो. तिथं माणसानं नीट दिसायचं असतं. आणि हे तर चित्र होतं, तेही कॉलेजातलं. अण्णांनी कामावर खाडा केला. कटिंग केली, गुळगुळीत दाढी केली. आईनं केसांना आणि मिशीला काळी मेंदी लावून दिली. मावशीच्या पोरीच्या लग्नात गुलमंडीवरून कापड आणून शिवलेली सफारी बाहेर निघाली, तिला इस्त्री झाली. खिशाला पेन लागला. निघताना त्यांनी आईला दोनदा विचारलं, मागून बरोबर दिसतंय का म्हणून.

स्टुडिओत सरांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हे काय करून आलात? मला परवाचा माणूस हवा होता."

"त्यो मीच व्हतो, सर," अण्णा म्हणाले.

मुलं हसली. वाईट हसली नाहीत. आमच्या वर्गातली मुलं चांगल्या घरची आहेत, ती गोड हसतात.

मग दुरुस्ती सुरू झाली. गॅदरिंगच्या पेटीतून शेतकरी नृत्याचं मुंडासं आलं. त्याला टिकल्या होत्या, त्या आत दुमडल्या. अण्णांनी जन्मात मुंडासं बांधलेलं नाही. ते त्यांच्या डोक्यावर ठेवलं गेलं, काळे केस झाकले गेले. मिशी राहिली. वर्गातल्या एका मुलानं, त्याचे वडील बंगल्यांचे नकाशे काढतात, पांढरा खडू कुटला आणि ब्रशनं अण्णांच्या मिशीला आणि हनुवटीला लावला. फार हलक्या हातानं. "काका, डोळे मिटा हं," म्हणाला. अण्णांनी डोळे मिटले. सकाळी उठून गुळगुळीत केलेल्या गालावर तो खुंट काढत होता, एकेक ठिपका. मी पाहत होते.

मग शर्ट. मग बनियन.

सर मागं सरले, डोळे बारीक केले. "वा. आता आला माणूस."

सगळे काढू लागले. मीही. मानेखालचा घट्टा, गळ्याची हाडं, पोटावरची वळी. माझा कोळसा कागदावर सरसर चालला. आज सगळ्यात जास्त हेच सलतं. चित्र चांगलं होत होतं.

सर माझ्यामागं येऊन थांबले. वर्गाला म्हणाले, बघा, हिला हे आतून माहीत आहे. मग वाकून मला हळू आवाजात म्हणाले, "तू इतके दिवस सोफे आणि पडदे रंगवत बसलीस. तुझी प्रॅक्टिस इथं आहे. वेदना तुझ्याकडे घरचीच आहे."

शेवटच्या वर्षी आम्हाला प्रत्येकाला स्वतःची प्रॅक्टिस शोधायची असते. म्हणजे आपण काय काढतो, का काढतो, कसं काढतो. पूर्वी ती डॉक्टर-वकिलांना असायची, आता आम्हालाही असते. वर्गात एकीची प्रॅक्टिस तिचं मांजर आहे. नकाशेवाल्याच्या मुलाची प्रॅक्टिस रेषा आहे, नुसती रेषा, आणि ती फार खोल आहे असं सगळे म्हणतात. मांजरवालीला कुणी कधी विचारलं नाही, की तुझी वेदना कुठंय. मला दर आठवड्याला विचारलं गेलं. मी आमच्या वस्तीतल्या बैठकीच्या खोल्या रंगवायचे. काचेचं कपाट, त्यातले न वापरलेले कप, प्लॅस्टिकची फुलं. सर म्हणायचे, यात तू दिसत नाहीस. मी त्यातच राहते, हे त्यांना सांगून पटलं नसतं.

चहाची सुट्टी झाली. अण्णांनी घाईनं सफारी चढवली, बटणं वरपासून खालपर्यंत लावली आणि कप घेऊन दाराशी उभे राहिले. मुंडासं काढलं होतं. खडू तसाच होता. चहा पिताना मिशीवरचा खडू कपात पडला. त्यांनी कपात पाहिलं आणि पिऊन टाकला.

सुट्टी संपली. "चला काका, शर्ट काढा," सर म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"नाही काढणार ते."

सर हसले. "तू विद्यार्थिनी आहेस की त्यांची वकील?"

"मुलगी आहे."

सर रागावले नाहीत. ते कधी रागावत नाहीत, ते समजावतात. त्यांनी मला उघड्या मानवी देहाचा कलेतला इतिहास थोडक्यात सांगितला. देहात लाजण्यासारखं काही नसतं म्हणाले. आपण इथं श्रमाचा सन्मान करतोय, म्हणाले.

"मग उद्या तुमच्या वडिलांना बोलवा, सर. त्यांचाही करू."

"माझे वडील रिटायर्ड प्रोफेसर आहेत."

सहज म्हणाले. पत्ता सांगावा तसं. मग बहुतेक त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मी ईझलवरचा कागद गुंडाळला. अण्णांना नळावर नेलं. खडू पाण्यानं लवकर निघाला, मेंदी तशीच राहिली.

सिटी बसमध्ये अण्णा मलाच बोलले. "मास्तरला असं बोलत असत्यात व्हय? वरीस वाया जाईल तुझं."

मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही का.

"मोंढ्यात बी उघडाच असतो की, माय." बस दोन थांबे पुढं गेली. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिथं मी काढतो. गरम व्हतं म्हून."

त्या आठवड्यात मी घरी कॅनव्हास लावला आणि अण्णांना विचारलं, तुम्हाला कसं काढू. हा प्रश्न मी तोवर कुणालाच विचारला नव्हता. त्यांनी विचार केला. सफारी. उभं. एक हात खुर्चीच्या पाठीवर. आणि मागं डोंगर, बर्फाचा.

बर्फाचा डोंगर ऐकून माझं तोंड वाकडं झालं. ते वाकडं तोंड सरांचं होतं. चार वर्षं फी भरून मी ते मिळवलं होतं. अण्णा समोर सफारीत ताठ उभे, आणि माझा हात मला न विचारता त्यांच्या गालावर सुरकुत्या टाकत होता, डोळ्यांत थकवा भरत होता. अण्णा जवळ येऊन म्हणाले, "हे काय कोरायलीस गालावर? दाढी केली ना मी." मी खरवडलं. पुन्हा रंगवलं. पुन्हा खरवडलं. गरिबी न दाखवता गरीब माणूस काढायला मला येत नव्हतं. सफारीच्या कापडाची चमक, इस्त्रीची घडी, बटणावरचा उजेड हे सगळं पाहायचं असतं, हे मला शिकायला लागलं. शिकवायला अर्थात कुणी नव्हतं. बर्फ मी नेटवर पाहून काढला.

वार्षिक प्रदर्शन आलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. झालं गेलं विसरू, म्हणाले. ते कोळशाचं चित्र दे, वर्गातलं सर्वोत्तम तेच आहे, पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही. मी सफारीचं चित्र समोर ठेवलं.

"हे फोटो स्टुडिओचं काम झालं. यात तू कुठे आहेस?"

"हेच लावायचं, सर. कोळशाचं मिळणार नाही."

लावलं नाही. पाहुण्यांचा गोंधळ होईल म्हणाले. एक भिंत भरून वर्गातल्या बाकीच्यांचे अण्णा लागले, सगळे उघडे, सगळे मुंडासं घातलेले. मालिकेचं नाव 'भूमिपुत्र'. आमच्या खानदानात कुणाच्या नावावर वीतभर भूमी नाही. बक्षीस नकाशेवाल्याच्या मुलाला मिळालं. अण्णांच्या हनुवटीवरचे खुंट त्यानं फार सुरेख काढले होते. खडूचा अनुभव कामी आला. प्रमुख पाहुणे शाल सावरत त्या चित्रासमोर थांबले आणि त्यांचे डोळे भरून आले.

घरी अण्णांनी विचारलं, लोक काय म्हणाले. मी सांगितलं, एक पाहुणे रडले.

"कामून?"



ते कोळशाचं चित्र मी फाडलेलं नाही. कपाटामागं गुंडाळून ठेवलंय. ते कधीच कुठल्या भिंतीवर लागणार नाही, माझ्या मरणानंतरही नाही, असं भावाला सांगून ठेवलंय. चांगलं आहे, म्हणूनच लागणार नाही.

प्रॅक्टिसबद्दल आम्हाला एक पानभर निवेदन द्यायचं असतं. मी लिहून दिलंय. यापुढं मी माणूस काढेन तो त्याला विचारून. कपडे तो ठरवेल, जागा तो ठरवेल, मागचा डोंगरही तोच ठरवेल. मला पटलं नाही तर मी शिकेन. माझी वेदना कुणालाही पाहायला मिळणार नाही. ती माझी आहे आणि मी ती टांगायला आणलेली नाही. सरांनी त्यावर लाल पेनानं 'पुनर्विचार करावा' असं लिहिलं. मी केला. तेच पान परत दिलं. पास होण्यापुरते गुण पडतील असं दिसतंय. कदाचित तेही नाही.

सध्या शेजारच्या खालांचं चित्र चालू आहे. त्यांना मी कसं काढू विचारलं, तर म्हणाल्या, "मेरेकू फ्रीज के बाजू में खडी बताना." फ्रीज नवा आहे, दोन दारांचा. तो चालू आहे हे चित्रात कळलं पाहिजे, एवढीच त्यांची अट आहे. चालू फ्रीज कसा काढतात, हे कॉलेजात शिकवत नाहीत.