लिफाफा क्रमांक एक

ऑफिसातले कागद कमी झाले, तसे किस्से वाढले. कागद निदान रद्दीत जातात. किस्से चहाच्या टेबलावरून हलत नाहीत. आमच्या सोलापूरच्या खरेदी शाखेत ई-टेंडर आलं, तेव्हापासून तर साठाच झालाय!

*

पहिल्याच ऑनलाइन टेंडरला चादरीवाले शेठ थेट ऑफिसात हजर.

मी म्हटलं, “शेठ, आता यायची गरज नाही. घरूनच भरायचं.”

“भरलोय की, साहेब!”

“मग?”

“आता द्यायला आलोय.”

आणि प्रिंट काढून, पाकिटात घालून आणलेलं टेंडर त्यांनी टेबलावर ठेवलं.

*

मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फॉर्म आला: ई-टेंडरमुळे झालेली बचत कळवा. ‘कागदाची बचत’ हा रकाना भरायला आम्ही फॉर्मच्या पाच प्रती काढल्या. एक बिघडली, म्हणून सहावी काढली.

‘वेळेची बचत’ जाधवबाईंकडे होती. बाई शाखेत सगळ्यांत जुन्या. त्यांनी लिहिलं, “पूर्वी एका चहात व्हायचं. आता दोन चहा लागतात.”

मोजमाप प्रमाणित नाही, असा शेरा मारून फॉर्म परत आला. बाईंनी ‘चहा’ खोडून ‘कप’ केलं!

*

शेवटचा रकाना मात्र हसण्यासारखा नव्हता: ‘अतिरिक्त ठरणारे कर्मचारी’.

म्हणजे आमचा शिपाई शिवाप्पा. अक्कलकोटकडचा. टेंडरच्या लिफाफ्यांवरचं लाखेचं सील तपासायचं आणि कात्रीनं लिफाफे उघडायचे, हे त्याचं काम. आता लिफाफेच येत नाहीत. नाव लिहिलं की बदली कुर्डुवाडीला, तीही रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं असताना. त्याच्या बायकोला दिसत नाही. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन तोच तिला जेवू घालतो. माझ्याच्यानं ते नाव लिहवेना. आठवडाभर रकाना रिकामा ठेवला.

शेवटी पुण्याचे अधिकारी स्वतःच तपासणीला आले. दारात उभ्या शिवाप्पाकडे बघून त्यांनी मला विचारलं, “हे काय काम करतात?”

“लिफाफे उघडतात.”

“ऑनलाइनमध्ये कसले लिफाफे?”

त्या दिवशी एक टेंडर उघडायचंच होतं. आमच्या साहेबांची डिजिटल सही लावून झाली होती. मी स्क्रीन अधिकाऱ्यांकडे वळवली. बटणावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘लिफाफा क्रमांक १ उघडा’.

शिवाप्पा पुढं आला. चष्मा लावला, हात पँटला पुसले, स्क्रीनचे चारी कोपरे निरखून पाहिले आणि माऊस दाबला.

“सील शाबूत हुतं, साहेब. लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी आमचा फॉर्म पुढं ओढला. मग पेन काढून त्यांनी शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं.

शिवाप्पानं वाकून ते पाहिलं.

“साहेब, लिफाफा क्रमांक दोन बी हाय की! येकट्याला लई हुतंय. अजून एक मानूस द्या.”