सरपंचांच्या हातचा नारळ
१९६५ साली मी वीस वर्षांचा होतो. लढाई लागली आन् रजा मोडून पलटणीत हजर व्हायची तार आली. निघालेल्या जवानाला नारळ द्यायचा मान आमच्या गावात सरपंचांचा. आमचे सरपंच मुसलमान. बेचाळीसला तिरंग्यापायी तुरुंगात गेलेला माणूस. फाळणीत त्यांचा सख्खा भाऊ तिकडं गेला, ह्यांनी गाव सोडलं न्हाई. तरी आदल्या सांजेला चावडीवर आमचा बाप त्यांना म्हणाला, "सरपंच, औंदा नारळ ऱ्हाऊ द्या. तुमचा भाऊ तिकडं हाय." सरपंच कसंनुसं हसले. "व्हय रं गड्या, पोर तुझं हाय," म्हणाले आन् एकटेच घराकडं वळले. अख्ख्या चावडीत एकानंबी त्यांना थांबवलं न्हाई. ती पाठमोरी टोपी मला आजबी दिसती. दुसऱ्या दिवशी सकाळी बापानं स्वतः नारळ पुढं केला. मी हात मागं बांधले आन् तसाच एसटीत चढलो.