चिमटीचं नवं कार्ड

त्या संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर एक चौकट उगवली. येत्या एक तारखेपासून खेळाची नवी आवृत्ती येणार, जुनी बंद होणार, आणि तुमच्या काँप्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड नव्या आवृत्तीला पुरणार नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. खाली ‘ठीक आहे’ असं एकच बटण होतं. चिमटीने ते दाबलं, पण तिचं काहीच ठीक नव्हतं.

चिमटी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी धाकट्या भावाला येता-जाता चिमटे काढायची म्हणून त्याने ते ठेवलं होतं. तिनेही उट्टं काढलं. शाळेला, जेवायला, झोपायला, सगळीकडे उशिरा पोचणाऱ्या भावाला ती गोगलगाय म्हणू लागली. दोघं मोठी झाली, दोघांची लग्नं झाली, भाऊ दुसऱ्या शहरात गेला, आणि ही नावं घरातून हद्दपार झाली. उरली ती फक्त या खेळात. चौघांची एक तुकडी, ओसाड पडलेलं एक शहर, आणि त्यातून जिवंत बाहेर पडायचं, असा तो खेळ. संध्याकाळी कामावरून आलं, हातपाय धुतले, की चिमटी खुर्चीत बसायची. पडद्याच्या कोपऱ्यात ‘गोगलगाय’ या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की तिचा दिवस मार्गी लागायचा.

खेळाबाहेर दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. बाबा गेल्यावर आई भावाकडे राहायला गेली होती. तिथे ती जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चिमटी पहिली गाडी पकडून गेली, इस्पितळाच्या व्हरांड्यात चारचौघांत भावाला म्हणाली, “तुझ्याकडे आईची आबाळ होते,” आणि हाड जुळल्यावर आईला आपल्या घरी घेऊन आली. भाऊ तेव्हा एक शब्द बोलला नाही, आणि पुढेही बोलला नाही. याला अडीच वर्षं झाली. रविवारी तो आईला फोन करायचा. तेवढा वेळ चिमटी गच्चीत कपडे वाळत घालायची, मग कपडे असोत वा नसोत. पण खेळात तो तिच्या पाठीशी असायचा. ती जखमी झाली की धावत यायचा, मलमपट्टी करायचा. ‘डावीकडे’, ‘थांब’, ‘चल’, एवढे शब्द टाइप करायचा. त्याहून जास्त कधी नाही. माईक दोघांकडे होते, पण चालू कोणीच केला नाही.

आणि आता तेवढंही जाणार होतं.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चिमटी काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अठरा वर्षांचा हात होता तिचा, पण त्या आठवड्यात तो थाऱ्यावर नव्हता. एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे गेली. ते गृहस्थ चष्मा लावून रस्ता ओलांडायला गेले आणि तसेच परत फिरले. मालक आत येऊन म्हणाले, “बाई, लक्ष कुठाय?” तिने चष्मा मुकाट्याने उघडला. लक्ष कुठे आहे ते सांगितलं असतं, तर त्यांनी तिलाच डोळे तपासून घ्यायला बसवलं असतं.

शनिवारी अर्धी सुट्टी होती. ती तडक काँप्युटरच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही बाजूंना उघडे डबे, लोंबणाऱ्या वायरी, आणि टोकाला टेबलामागे बसलेला दुकानदार.

“मुलाला हवंय का?” त्याने विचारलं.

“मला हवंय.”

त्याने एकदा वर पाहिलं. मग खेळाचं नाव विचारलं, तिचा काँप्युटर कोणता ते विचारलं. तो घरगुती कामासाठी घेतलेला, स्वस्तातला होता. दुकानदाराने एक वापरलेलं पण धडधाकट कार्ड काढून लावून दाखवलं. दोन पंख्यांचं, विटेएवढं जाड.

“पण ताई, घाई करू नका. आधी डबा उघडून आत जागा किती आहे मोजा. आणि पॉवर सप्लाय बघा. छोट्या मशीनमध्ये या कार्डाला पुरेल एवढी वीज नसते कधीकधी. नाहीतर मशीनच इथे घेऊन या.”

चिमटीला हे सगळं ऐकू आलं, पण पोचलं नाही. पिशवीत कार्ड घालून ती निघालीसुद्धा.

घरी नवरा दुपारची पाळी नसल्यामुळे आडवा झाला होता. पाण्याच्या पंपघरात त्याची नोकरी. यंत्र बिघडलं की आधी त्याच्याकडे शांतपणे बघत बसायचं, हे त्याचं तत्त्व होतं. चिमटीने त्याला उठवून हातात टॉर्च दिला. काँप्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, आतली धूळ फुंकली, दोघांना शिंका आल्या. जुनं कार्ड निघालं. ते पोस्टकार्डाएवढं होतं. नवं कार्ड आत घालायला गेली, तर त्याचं टोक पुढच्या एका पत्र्याच्या कप्प्याला अडलं.

“तिरकं घाल,” नवरा म्हणाला.

“तिरकं कसं घालू? खाली खाच सरळ आहे.”

“मग राहू दे. उद्या बघू.”

उद्या हा शब्द तिला त्या दिवसांत सहन होत नव्हता. तिने टॉर्च त्याच्या हातून घेतला, डोकं जवळजवळ आत घातलं, आणि पाहिलं की तो कप्पा रिकामाच आहे. जादा हार्ड डिस्क ठेवायची जागा होती ती, आणि चार स्क्रूंवर उभी होती. स्क्रू काढणं हा तर तिच्या पोटापाण्याचा धंदा. कप्पा बाहेर आला. कार्ड बसलं, खाचेचा खटका वाजला. पण कार्डाच्या पाठीवर विजेची वायर जोडायला सहा दातांचं भोक होतं, आणि डब्यात तशा टोकाची वायरच नव्हती. घोडं पुन्हा पेंड खाऊ लागलं.

खाटेवरून आई सगळं बघत होती. “इतक्या वेळात तुझ्या बाबांनी सायकल उघडून परत जोडली असती,” ती म्हणाली.

“आणि दोन नट उरले असते,” चिमटी म्हणाली.

“उरायचे. पण सायकल चालायची.”

रविवारी दुकान बंद. सोमवारी एक तारीख. सोमवारी संध्याकाळी चिमटी दुकानातून मोठा पॉवर सप्लाय घेऊन आली. दुकानदाराने ‘सांगितलं होतं’ असं तोंडाने म्हटलं नाही, पण त्याच्या भुवयांनी म्हटलं. एव्हाना नवी आवृत्ती सुरू झालेली होती. गोगलगाय दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीशी उभी राहून त्याला मलमपट्टी करत असेल, हे चित्र दिवसभर तिच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हतं. तुकडीत चौथा माणूस काय, कुणीही मिळतो. तिची जागा भरली गेली, तर ती कुणाला जाब विचारणार होती?

जुना सप्लाय काढून नवा बसवला. एकेका वायरवरची खूण तिने नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाकुट्ट राहिला.

तिने कार्ड काढून परत बसवलं. पडदा काळाच. वायरी काढून परत लावल्या, तरी तेच. “जाळलं मी,” ती म्हणाली. “गेलं सगळं.”

नवरा यंत्राकडे शांतपणे बघत बसला होता. तिला त्याचा मनस्वी राग आला. तिने दुकानदाराला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, मॉनिटरची वायर मागे कुठे लावलीय?”

“बसली त्या भोकात.”

“वर आहे की खाली? नव्या कार्डाच्या भोकात आहे का?”

चिमटी टेबलाखाली शिरली. जुनं कार्ड काढताना सोडलेली वायर तिने वरच्या, काँप्युटरच्या स्वतःच्या भोकात लावली होती. तिने ती उपटून खाली कार्डात खुपसली, आणि डोक्यावर खोलीभर उजेड पडला. बाहेर येताना टेबलाची कड टाळूला लागली, पण ते तिला बऱ्याच वेळाने कळलं.

खेळ उतरवून घेण्यात आणखी वेळ गेला. आई जेवून झोपली. शेवटी ते ओसाड शहर उघडलं, आणि चिमटी क्षणभर खेळायचंच विसरली. झाडाला आता सुटी सुटी पानं होती. भिंतींवर ओल दिसत होती. जिला ती इतकी वर्षं राखाडी रस्ता समजत होती, ती नदी निघाली. मग तिने कोपऱ्यात पाहिलं. ‘गोगलगाय’ या नावापुढे ठिपका नव्हता. शेवटचं आगमन: रविवार.

मंगळवारी ठिपका नाही, बुधवारी नाही. चिमटी खुर्चीत बसायची, उठायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. खेळायला घेतलं तर अनोळखी तिघांबरोबर पहिल्या पाच मिनिटांत मरायची. आजारी असेल का? की त्याला सुटायला निमित्तच हवं होतं? गुरुवारी भात लागला, शुक्रवारी तिने नवऱ्याच्या डब्यात चमचा द्यायच्या ऐवजी स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्याने संध्याकाळी तो धुऊन परत आणला.

शनिवारी आईची औषधं डबीत भरताना तिला राहवलं नाही. “गेल्या रविवारी त्याचा फोन आला होता ना? बरा आहे ना तो?”

“बराय की. त्याचा तो खेळ बंद पडणार म्हणून हिरमुसला होता. काँप्युटर जुना झालाय म्हणे. कसलं तरी कार्ड लागतं.”

चिमटीच्या हातातली गोळी खाली पडली. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“तूच बजावलं होतंस ना, इकडचे निरोप तिकडे आणि तिकडचे इकडे करायचे नाहीत म्हणून? मी केले नाहीत.” आई वाकायला लागली तशी चिमटीने गोळी स्वतःच उचलली. “तोही विचारत होता, ताईचं चालेल का म्हणून. मी म्हटलं, तिलाच विचार.”

चिमटी गच्चीत गेली. दोरीवर कपडे नव्हते, तिने न्यायलाही काही घेतलं नव्हतं. तिथे चार फेऱ्या मारून तिने भावाचा नंबर लावला. पहिल्या घंटेतच त्याने उचलला.

“तुझा पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे?” तिने विचारलं.

तो म्हणाला, “माहीत नाही गं. कुठे लिहिलेलं असतं?”

“डबा उघड. स्क्रू-ड्रायव्हर घे. आणि मोजपट्टी पण.”

“आत्ता?”

“मग कधी? मुहूर्त काढून देऊ?”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्याच्या बायकोचा: “कोण आहे?” आणि त्याचं, “ताई.” पत्रा खरवडल्याचा आवाज आला. चिमटी फोन कानाला लावून उभी होती. त्याच्या डब्यातलं एक-एक माप ती ऐकून घेत होती, आणि आपल्या चुका त्याच्या हातून होऊ नयेत म्हणून क्रमाने सगळं सांगत होती. मध्येच तो म्हणाला, “ताई, आई पडली त्या दिवशी मी शेजारच्याच खोलीत होतो. हाक ऐकू आली नाही मला. कानाला हेडफोन होता.”

चिमटी कठड्याला टेकली. ही गोष्ट तो अडीच वर्षं कुणाशी बोलला नव्हता, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. तो हेडफोन लावून तो तेव्हा कुणाबरोबर खेळत होता, हेही तिला आठवलं. त्या दुपारी ती सुट्टीवर होती आणि दोघं मिळूनच खेळत होती. ‘आलोच’ असं टाइप करून तो मध्येच निघून गेला होता, आणि ती त्याच्यावर वैतागली होती.

“मीही खेळतच होते,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “व्हरांड्यात बोलले ते बोलायला नको होतं मी.”

“हं.”

“स्क्रू वाटीत ठेवलेस का?”

“खिशात ठेवलेत.”

“वाटीत ठेव. हरवशील.”

त्याचा डबा तिच्याहून लहान निघाला. त्यात कुठलंच धड कार्ड मावेना. दोन आठवडे रोज संध्याकाळी या एका प्रश्नावर दोघांचे फोन चालले, आणि त्यातून बाकीच्याही गोष्टी निघाल्या. काही गोड होत्या, काहींवर पुन्हा आवाज चढले. एकदा तिने फोन आपटला, एकदा त्याने. शेवटी तो स्वतःच आला. घरून निघायला नेहमीप्रमाणे उशीर करून, काँप्युटरचं सगळं सामान चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. चिमटीने दुकानदाराकडून मोठा रिकामा डबा आणि कार्ड आणून ठेवलं होतं. दोघं जमिनीवर बसली, नवरा टॉर्च धरून, आई खाटेवरून सूचना देत. मॉनिटरची वायर कुठे लावायची हे चिमटीने त्याला मुद्दाम सांगितलं नाही. पडदा काळा राहिला, त्याचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे तिने बोट दाखवलं. त्याने तिच्या दंडाला चिमटा काढला.

परत जाताना आई त्याच्याबरोबर निघाली, दोन महिन्यांसाठी. चिमटीने दारात उभ्या उभ्या विचारलं, “जिन्याला कठडा आहे ना?”

“आहे,” भाऊ म्हणाला. “आई इस्पितळात होती तेव्हाच बसवला. दोन्ही बाजूंना.”

ती पिशव्या गाडीत ठेवू लागली.

आता दोघांचे माईक चालू असतात. शांतता मात्र पार गेली. कुठल्या दारातून शिरायचं यावर दोघं इतकी भांडतात, की तुकडीतल्या उरलेल्या दोघांनी एकदा लिहून विचारलं, तुम्ही नवरा-बायको आहात का. नवऱ्याने ते वाचलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.