रेडिओला लावलेली सोलं

तमाम मालवणकरांना, त्यांच्या मुंबईकर नातलगांना आणि ज्यांच्या घरी एके काळी रेडिओ होता अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या वर्गातली स्पिरिटची बाटली मी संपवली. इतकी वर्षं हे ओझं मी एकट्यानं वाहिलं, असं मात्र म्हणता येणार नाही. का, ते शेवटी येईलच.

साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळानं ठरवलं, की गावातल्या न शिकलेल्या मोठ्या माणसांना एखादी नव्या जमान्याची विद्या फुकट शिकवायची. रेडिओ तेव्हा घरोघर येऊ लागले होते आणि खाऱ्या वाऱ्यानं त्याच वेगानं मरतही होते. बोटीवर वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले एक मास्तर मिळाले, शाळेची पडवी मिळाली आणि आम्ही आठ जण विद्यार्थी झालो. मी दशावतारात राक्षस होतो, पण ओरडून ओरडून गळा बसला होता. राक्षसाचा आवाज कोकराचा झाला की लोक हसतात, म्हणून दुसरा धंदा शोधत होतो.

माझ्या शेजारी बसायची मासे विकणारी एक विधवा काकी. वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन ती घाटी चढली, आणि त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. बाजारातला रेडिओवाला म्हणाला होता, "परीक्षेचा कागद घेऊन ये, दुकानात बसवतो. कागद नाही तर जागा नाही." त्या एका कागदावर तिचं सगळं अडलं होतं.

बाजारात चेष्टा व्हायचीच. मासळीच्या वाट्याचा, म्हणजे ढिगाचा, भाव विचारावा तसं एकानं तिला विचारलं, "काकी, रेडियोचो वाटो कसो लावलंस गो?"

"तुझ्या घराक रेडियो खंय आसा? आधी घे, मगे वाटो लावतंय!"

तिची शिकण्याची रीत तिची स्वतःची होती. मास्तर फळ्यावर आकृती काढत, ती रेडिओची पाठ उघडून नाक आत घालायची. माशाचा कल्ला उघडून वास घ्यावा, तसा. "ह्या जळला," म्हणून ती बोट ठेवायची आणि ते जळलेलंच असायचं. मास्तर आधी रागवायचे. मग मीटर लावण्याआधी तेच हळूच विचारायला लागले, "काय गो, काय म्हणता वास?"

परीक्षेच्या दिवशी मुंबईहून कोट घातलेले साहेब आले. आदल्या रात्री आमचा प्रयोग होता. खोट्या मिशा मी डिंकानं चिकटवायचो आणि तो डिंक काढायला वर्गातलं स्पिरिट फार छान. रोज थोडं थोडं, कुणाला पत्ता लागत नव्हता. त्या रात्री मिशा मोठ्या होत्या. रिकामी बाटली सकाळी मी गुपचूप जागेवर ठेवली आणि साळसूद चेहऱ्यानं बसलो. काकीनं नाक फेंदारलं. "आज कसलो वास मारता रे तुका, राक्षसा?"

"अत्तर," मी म्हणालो.

साहेबांनी काकीसमोर बॅटरीवर चालणारा एक मुका रेडिओ ठेवला. तिनं पाठ उघडली, वास घेतला. बॅटरी जिथं टेकते त्या पितळी पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता. असा कळंक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, हे आम्हाला पाठ होतं. तिनं बाटली उलटी केली. थेंब नाही. पुन्हा हलवली. तिचा कागद मी माझ्या मिशांना फासला होता!

आणि तोंड उघडून सांगायची माझी हिंमत होईना.

काकीनं क्षणभर पट्ट्यांकडं पाहिलं. मग पदराची गाठ सोडली. हाताचा माशांचा वास घालवायला ती कायम चार सोलं, म्हणजे वाळवलेली आमसुलं, गाठीला बांधून असे. एक सोल पाण्यात भिजवलं आणि समई घासावी तशा तिनं त्या पट्ट्या घासल्या. मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. तिनं ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसून बॅटरी बसवली, कान पिळला, आणि रेडिओ खणखणीत बोलू लागला.

साहेब वाकले. "हा सोलकढीचा वास कुठून येतोय?"

"रेडियोचो, साहेबांनू. सोलां लावलंय."

"अहो, आंबट राहिलं तर पितळ खाईल ते!"

"म्हणान तर धुवन पुसलंय. समयेक सोलां लावन तशीच कोण ठेवता?"

साहेबांनी पट्टी बोटानं चाचपली, कोरडी लागली. "पण स्पिरिट का नाही वापरलंत?"

"बाटलयेत नाय तर खंयसून आणू?"

साहेबांनी बाटली उजेडात धरली, हसले आणि कागदावर सही ठोकली. काकीनं तो कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. सुटलो, असं मला वाटलं, पण मास्तर वर्गाकडं वळले. "परवाच भरलेली बाटली! कुणी संपवली?"

काकीनं रिकामी बाटली उचलून हुंगली. मग माझ्याकडं वाकून माझा वरचा ओठ हुंगला, आणि साहेबांसकट साऱ्या पडवीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आता कळला माका! ह्या राक्षसाच्या ओठाक सकाळपासून वास येता, तो ह्याच बाटलीचो!"